मदत हवी आहे: बाल्साच्या आरसी विमानाच्या पंखावरचं कव्हरिंग फाटलंय, अक्षरं वाचवून दुरुस्त कसं करू?

नमस्कार मंडळी, आरसी (रेडिओ रिमोटवर उडणारी छोटी) विमानं बनवणारे-उडवणारे कोणी इथे असाल तर मार्गदर्शन करा. मुद्दा आधी सांगतो म्हणजे जाणकारांना सगळं वाचत बसायला नको. बाल्साचं (हलक्या लाकडाचं) ४० साइजचं (इंजिनाच्या मापावरून) हाय विंग ट्रेनर आहे, म्हणजे पंख वर असलेलं शिकायचं विमान, पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण दीड मीटर, ग्लो इंजिन (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं). डाव्या पंखाची वरची फिल्म (इस्त्रीने चिकटवायचं पातळ प्लास्टिकचं कव्हरिंग) स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य काठी) मागे फाटलीये, चीर एका रिबवरून (पंखाची लाकडी फासळी) पलीकडे गेलीये म्हणजे रिबांमधल्या दोन खणांत आहे, आणि तिथून बोटभर पुढे फिल्ममधूनच कापून चिकटवलेली अक्षरं आहेत ती मला कुठल्याही परिस्थितीत वाचवायचीयेत.

आता सविस्तर. विमान मामाचं आहे. मामा ओझरला एचएएलमध्ये होता, दिवसभर खऱ्या विमानांवर काम करायचा आणि घरी आला की रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर बाल्साच्या पट्ट्या कापत बसायचा, आम्ही भाचरं शेजारी बसून सँडपेपर मारून द्यायचो. हे ट्रेनर त्याने प्लॅनवरून स्वतः बांधलंय, किट नाही, आणि पंखावर लाल फिल्मवर पांढऱ्या फिल्मची अक्षरं कापून "गोदा" असं नाव टाकलंय. आता त्याचा हात थरथरतो त्यामुळे त्याने विमान माझ्या मुलीला दिलं. तिला शिकवायला मामाचा एक जुना शिष्य येतो, गिरणारे रस्त्याला एका मित्राचं पडीक रान आहे तिथे उडवतो (ओझर आणि देवळालीची बाजू सोडूनच, आणि तरीही आधी डिजिटल स्काय हा ड्रोन कुठे उडवता येतात ते दाखवणारा सरकारी नकाशा बघून). त्या दिवशी उतरवताना अगदी जमिनीजवळ आल्यावर पश्चिमेकडून वाऱ्याचा झोत आला, विमान बाजूला सरकलं आणि बांधावरच्या बाभळीला पंख घासला. काट्याने चीर पडली. रिब दाबून बघितली, शाबूत आहे. स्पारला काही नाही, इंजिन-प्रॉप ठीक.

बघायला चीर छोटी वाटते पण मामाने तसं उडवायला साफ मनाई केलीये आणि त्याचं म्हणणं मला पटलं. उडताना पंखाच्या वर हवेचा दाब कमी असतो त्यामुळे सुटलेली फिल्म वर ओढली जाते, चिरेतून हवा आत शिरते आणि एका फेरीत अख्खं पॅनल सोलून निघू शकतं. शिवाय असल्या उघड्या रिबांच्या पंखाला पीळ पडू नये म्हणून जो ताठपणा लागतो त्यातला बराचसा या ताणलेल्या फिल्ममुळेच येतो, ती नुसती रंगासाठी नसते.

तर माझे प्रश्न. वरून ठिगळ लावू की ते दोन खण कापून तिथे नवीन फिल्म घालू? फिल्म जुनी आहे, कुठल्या कंपनीची ते मामालाही आठवत नाहीये, मोनोकोट असावी म्हणतो, तर त्यावर ओराकव्हर चालेल का, दोन्हीला तापमान वेगळं लागतं ना? लाल रंग उन्हाने फिकटलाय, नवीन लाल त्याला जुळणार नाही हे दिसतंच आहे. आणि सगळ्यात मोठी अडचण तेलाची. ग्लो फ्युएलमधलं तेल सायलेन्सरमधून उडून पंखाच्या मुळापाशी वर्षानुवर्षं बसलंय, चिरेपाशीही लाकूड जरा काळपट चिकट लागतंय, तिथे काही चिकटेल का?

माझ्याकडे सीलिंग आयर्न (फिल्म चिकटवायची छोटी इस्त्री) नाहीये. घरची वाफेची इस्त्री आहे आणि हीट गन शेजाऱ्यांकडून मिळेल. फिल्म ऑनलाइन मागवणार, पण नक्की काय मागवू ते कळल्याशिवाय ऑर्डर टाकत नाहीये. मुलीची दिवाळीची सुट्टी जवळ आलीये आणि "गोदा कधी उडणार" हे रोज ऐकतोय. घाई नाहीये तशी, काम नीट व्हायला हवं.

प्रतिसाद:
आत्ता उडवायचं असेल तर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, चीर बंद होते, मैदानावर आम्ही सगळे तेच करतो. चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं पुढे जाईल एवढी पट्टी घ्या आणि कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा वाऱ्याने उचलतो.

प्रतिसाद:
वरच्यांशी मैदानापुरता सहमत, पण धागाकर्त्यांना कायमची दुरुस्ती करायचीये तर चिकटपट्टी लावूच नका. नाशिकच्या उन्हात गाडीत दोनदा तापली की तिचा गोंद वितळून फिल्मवर पसरतो, मग नवीन फिल्म तिथे धरत नाही आणि तो गोंद काढताना जुनी अक्षरं उचलली जातात.

माझं मत, दोन खण कापून नवीन फिल्म घाला. ठिगळ फिल्मवर फिल्म असं येतं, ते गरम केलं की दोघांच्या मध्ये हवेचे बुडबुडे धरतात आणि उघड्या खणात खालून आधार नसल्याने दाबताही येत नाही. नवीन कटरचं पातं घ्या, रिबवर पातं दाबू नका, बाल्सावर रेघ उमटली तर रिब तिथेच मोडते. जुनी फिल्म अशी कापा की नवीन तुकड्याची कड सगळीकडे लाकडावर येईल, म्हणजे दोन्ही बाजूच्या रिबांवर, मागे ट्रेलिंग एजवर (पंखाची मागची कड) आणि पुढे स्पारवर. जोड किमान ६ मिलिमीटर एकमेकांवर यायला हवा.

तुमची अक्षरं स्पारच्या पुढे आहेत ना? मग त्यांना हात लावायची गरजच नाही. स्पारवरची जुनी फिल्म कडेने किंचित गरम करून अलगद उचला, नवीन तुकडा तिच्याखाली सरकवा आणि मग जुनी कड वरून परत बसवा. कौलं घालतात तसं, पुढचं मागच्यावर आलं पाहिजे, म्हणजे वारा जोडाखाली शिरत नाही. जुनी फिल्म उचलताना तडकायला लागली तर हट्ट करू नका, नवीन तुकडा वरून येऊ द्या आणि कड नीट दाबून घ्या, ट्रेनरच्या वेगाला तेवढं चालतं. आणि हे करताना अक्षरांवर ओल्या कापडाची घडी ठेवा, उष्णता तिकडे जात नाही. ही युक्ती विसरू नका, अक्षरं सगळ्यात आधी उष्णतेनेच आकसतात.

तापमानाचं म्हणाल तर ओराकव्हर साधारण १०० अंशांना चिकटतं आणि १५० च्या आसपास आवळतं. मोनोकोटला त्याहून जास्त लागतं, त्यामुळे जुनी मोनोकोट असेल तर ओराकव्हर वापरणं उलट सोयीचं, नवीन आवळेल तोवर जुनीला फारसं काही होणार नाही. स्वस्तातली बिननावाची फिल्म घेतलीत तर ती कमी उष्णतेतच आवळते, पटकन भोक पडतं. काहीही घ्या, आधी तुकड्यावर करून बघा. इन्फ्रारेड थर्मामीटरवर विसंबू नका, इस्त्रीच्या चकचकीत तळाचं तापमान तो कमी दाखवतो.

प्रतिसाद:
तेलाबद्दल सांगते, मी नायट्रोची (ग्लो इंजिनाची) विमानं बरीच दुरुस्त केलीयेत. फिल्म काढल्यावर लाकडावर कॉर्नफ्लोअर जाडसर पसरा आणि वरून हीट गन लांबून फिरवा, तेल पातळ होऊन वर येतं आणि पीठ ते शोषतं. पीठ झटकायचं आणि पुन्हा करायचं, पीठ कोरडं निघेपर्यंत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या, हीट गन आणि अल्कोहोल एकाच वेळी टेबलावर नको. एवढं करूनही डाग राहिला तर तिथे पातळ इपॉक्सीचा हलका हात द्या, त्यावर फिल्म मस्त धरते. अॅसिटोन मात्र जुन्या फिल्मजवळ अजिबात नेऊ नका, रंग सुटतो.

वाफेच्या इस्त्रीच्या भोकांचे वळ फिल्मवर उमटतात. जुनी साधी कोरडी इस्त्री कोणाकडे असेल तर ती घ्या आणि तळाला जुन्या सुती बनियनचं कापड ताणून बांधा, ओरखडे येत नाहीत. आधी फक्त कडा चिकटवायच्या, मधला भाग सैल राहिला तरी राहू दे. सगळ्या कडा पक्क्या झाल्या की मगच हीट गन, तीही फिरती ठेवून. खण चारही बाजूंनी बंद असेल तर आतली हवा तापून फिल्म फुग्यासारखी फुगते, म्हणून खालच्या बाजूने टाचणीने बारीक भोक पाडून ठेवा.

आवळून झालं की पंख सपाट फरशीवर ठेवून मागून ट्रेलिंग एज बघा. एका बाजूनेच फिल्म ओढली गेली तर पंखाला पीळ बसतो आणि विमान उडताना एकीकडे कलत राहतं. पीळ दिसला तर एकाने पंख उलट दिशेला थोडा जास्तच पिळून धरायचा आणि दुसऱ्याने खालून-वरून दोन्ही बाजू गरम करायच्या, गार होईपर्यंत सोडायचा नाही.

रंगाचं मला वाटतं लाल जुळवत बसू नका. त्या दोन खणांत पांढरी फिल्म घाला आणि उजव्या पंखावर त्याच जागी त्याच मापाचा पांढरा पट्टा लावा. अक्षरं पांढरीच आहेत, शोभून दिसेल, आणि वर गेल्यावर विमान कुठल्या बाजूला कललंय ते शिकणाऱ्या मुलीला लवकर कळेल. खालची बाजू तेवढी पूर्ण लाल ठेवा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं बारीक कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मामाला फोनवर वाचून दाखवलं. कॉर्नफ्लोअरची युक्ती त्याला नवी होती, त्याच्या वेळी टिश्यू (पातळ कागद) आणि डोप (त्यावर ब्रशने लावायचं लाखेसारखं द्रव) वापरायचे त्यामुळे इस्त्रीपेक्षा ब्रशचा हात त्याला जास्त माहीत, पण पांढऱ्या पट्ट्याला तो लगेच हो म्हणाला आणि उजव्या पंखावरचा पट्टा स्वतः कापून देणार म्हणतोय, स्टीलची पट्टी धरून. कापडाची घडी धरायचं काम मुलीने घेतलंय. पांढरं ओराकव्हर आज मागवतो.

एकच राहिलं. दोन्ही खण मागे ट्रेलिंग एजला संपतात तिथे लगेच एलेरॉनची (विमान कलवणारी, वर-खाली हलणारी) पट्टी आहे, बिजागऱ्या आत चिकटवलेल्या. फिल्म बसवायला एलेरॉन काढावा लागेल का? बिजागऱ्या उपटायची मला भीती वाटतेय.

प्रतिसाद:
नाही काढायचा. नवीन फिल्म ट्रेलिंग एजच्या वरच्या सपाट लाकडावर संपवा, बिजागरीच्या फटीच्या ३-४ मिलिमीटर आधीच. तिथली जुनी फिल्म तशीच राहू द्या. फटीत फिल्म किंवा वितळलेला गोंद गेला तर एलेरॉन जड होतो आणि सर्वोवर (तो हलवणारी छोटी मोटर) ताण येतो. काम झाल्यावर सर्वोची दांडी सोडून एलेरॉन हाताने वर-खाली करून बघा, आधीइतकाच मोकळा हलला पाहिजे, मग दांडी जोडून रेडिओ चालू करा आणि दोन्ही बाजूंना पूर्ण काठी देऊन बघा.