हर-टू ‘टू प्लस’ आलंय, द्राक्षाच्या जीएशी काही संबंध आहे का?

निफाडची_लेक
आईच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. नाशिकला बायोप्सी केली. ईआर, पीआर या हॉर्मोनच्या तपासण्या निगेटिव्ह, हर-टू टू प्लस. डॉक्टर म्हणाले, पेशींना वाढीचा सिग्नल जास्त मिळत असेल तर गाठ आक्रमक असते, आधी जनुकाच्या प्रती मोजणारी फिश टेस्ट करू. तेव्हापासून आईने एकच धरलंय: ‘जन्मभर बागेत जीएचं डिपिंग केलं, घड त्यात बुडवले, मणी फुगवायचं औषध, तेच अंगात भिनलं.’ तिला काय सांगू? आणि फिशसाठी न थांबता केमो सुरू केली तर?

स्लाइडवाली
ताई, मी नाशिकच्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, या स्लाइड रंगवणं माझं रोजचं काम.

आधी आईंचं. जीए म्हणजे जिब्रेलिक ॲसिड, झाडांचं संप्रेरक. ते ज्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनावर, काम करतं तो वनस्पतींत असतो. डिपिंगला हातमोजे घालावेतच, पण हर-टू बाहेरून अंगात जाणारी वस्तू नाही. ते आपल्याच पेशींच्या कडेवरचं प्रथिन आहे. त्याचा जनुक १७व्या गुणसूत्रावर, निरोगी पेशीत दोन प्रती. काही गाठींत या प्रती वाढत जातात आणि पेशीच्या कडेवर हर-टूची गर्दी होते. त्याच्या भावंडांना ईजीएफसारखा वाढ-घटक येऊन चिकटावा लागतो, तेव्हा ती जागी होतात. हर-टूला चिकटणारा असा घटक सापडलेलाच नाही, ते कायम जोडी जमवायला तयार. गर्दी झाली की आपापसात, नाहीतर हर-थ्री या भावंडाशी जोड्या जमतात आणि बाहेरून निरोप नसतानाही आत सिग्नल चालू राहतो. सिग्नलची एक वाट पेशीला विभागायला लावते, दुसरी, पीआयथ्रीके-एकेटीची, मरायला हवी ती पेशी जगवते. पुढे शेजारच्या पेशींवरची पकड सुटते आणि त्या पसरू लागतात. आक्रमक म्हणतात ते हेच.

हर-टूच्या रंगाची सर्वांत वरची पायरी थ्री प्लस. त्या स्लाइडवर पेशीपेशीभोवती गडद तपकिरी अखंड कड दिसते, शंकाच उरत नाही. टू प्लसमध्ये ती कड फिकी असते. तिथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही, म्हणून फिश. त्यात लाल ठिपके हर-टूचे, हिरवे १७व्या गुणसूत्राचे. लाल हिरव्यांच्या दुप्पट किंवा जास्त आणि पेशीमागे सरासरी किमान ४ असले, तर पॉझिटिव्ह. थांबाच. त्यावर औषधच बदलतं.

सातपूरकर
माझ्या वहिनीचं फिश पॉझिटिव्ह आलं होतं. केमोसोबत ट्रॅस्टुझुमॅब सुरू झालं, दर तीन आठवड्यांनी, एकूण वर्षभर. ते हर-टूलाच जाऊन चिकटतं. हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी आणि मधूनमधून टूडी इको करतात, ती चुकवू नका. १९८७ मध्ये अमेरिकेतले कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लॅमन यांनी दाखवलं होतं की हर-टू वाढलेल्या गाठी लवकर उलटतात. औषध अमेरिकेत मंजूर झालं १९९८ मध्ये. आता भारतीय बायोसिमिलरही, म्हणजे त्याच औषधाच्या इतर कंपन्यांनी बनवलेल्या आवृत्त्या, मिळतात. खर्चासाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, फुले योजनेत काय बसतं ते तोच सांगेल.

निफाडची_लेक
आईला वाचून दाखवलं. झाडाचं आणि माणसाचं वेगळं, एवढं तिला पटलंय. फिशसाठी पुन्हा सुई टोचणार का?

स्लाइडवाली
नाही. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये असतो, त्याच्यावरच होते. तो आणि मूळ रिपोर्ट मागून घ्या. ब्लॉक गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.