इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर: केमोनं लाली गेली, तरी पूर्ण स्तन काढायचाच का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ताईबद्दल विचारतेय. वय ४६. इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर, तिसरी स्टेज, हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असतं). गाठ न लागताही कॅन्सर असतो हे आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

आधी ब्रेसियरच्या पट्टीचा वळ रात्रीपर्यंत जाईना. मग आठ-दहा दिवसांत उजवा स्तन लाल, गरम, जड. कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे. ताप अजिबात नाही. डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन आहे, अँटिबायोटिक दिलं. गुण नाही म्हणून दुसरं दिलं. मॅमोग्राफीत गाठ नाही म्हटल्यावर आम्ही चक्क पेढे वाटायचेच बाकी होतो! शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारली आणि चार दिवसांनी बोलावलं. लाली रेघेच्या बोटभर बाहेर. त्याच दिवशी सोनोग्राफी, कोअर बायोप्सी (जाड सुईनं आतला तुकडा काढून तपासणं) आणि कातडीचा तुकडाही तपासायला घेतला.

पेट स्कॅनमध्ये काखेपलीकडे काही नाही. केमोसोबत ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब ही हर-टूवरची औषधं चालू आहेत. ती औषधं हृदयाला त्रास देऊ शकतात म्हणून मधूनमधून टू-डी एको. चार सायकल झाल्या, स्तन जवळपास पूर्वीसारखा दिसतो. आणि इथेच घोडं अडलंय. ताई म्हणते, "बरा झालाय तर कापायचा कशाला? थोडासा भाग काढा." सर्जन ठाम नाही म्हणतात. तिला कसं समजावू?

प्रतिसाद:
मी यातून गेलेय. गाठीला कड असते, याला नसते. पेशी कातडीतल्या बारीक लसिकावाहिन्यांत (लिम्फच्या नळ्यांत) विखुरलेल्या असतात, त्यामुळे 'थोडासा भाग' कुठवर धरायचा हे सर्जनला कळूच शकत नाही. म्हणून केमो, मग पूर्ण स्तन आणि काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढणं, मग रेडिएशन, हाच क्रम. रिकन्स्ट्रक्शन (ऑपरेशननं स्तनाचा आकार पुन्हा घडवणं) हवं असेल तर साधारणपणे रेडिएशननंतर बघतात, हे तिला आत्ताच सांगा. मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं, फार रडले. हाताच्या व्यायामाबद्दलही फिजिओथेरपिस्टला आधीच विचारून ठेवा, पुढे हात सुजू शकतो.

धागाकर्ती:
कडेचं पटलं. पेनाच्या रेघेचा फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे, तिनं तो कधी पाहिलेला नाही. आज रात्री तिच्याशेजारी बसून दाखवते.