आभाळातून जातं पडलं होतं का?

तापीकाठ: आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. अमळनेरजवळचं खेडं आमचं. गावात त्यांना 'बसरावाला' म्हणत, तेही टिंगलीनं. कारण एक गोष्ट ते मरेपर्यंत सांगत राहिले: 'आम्ही उपाशी व्हतूत, आनि आभायमधून जातं पडनं.' पारावर लोक पोट धरून हसायचे. वय झाल्यावर त्यांनी सांगणंच सोडलं म्हणे. असं काही खरंच घडलं असेल का? पेटीत एक पितळी रंगाचं पदक आहे. चांदीचं होतं ते आटवून आजोबांच्या बारशाला वाळे केले.

खानदेशी_खवय्या: आमच्या आजोबांनी पण काठीनं वाघ मारला होता. 😀

जुनी_नाणी: हसू नका, गोष्ट खरी असणार. आधी पदकाची कड भिंगाखाली बघा, शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण तिथेच कोरलेली असते. इराकमधल्या बसऱ्याच्या वर तैग्रिस नदीच्या वळणावर कुत हे गाव. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तिथे इंग्रज जनरल टाउनशेंडच्या फौजेला वेढलं. गावात जवाचा साठा सापडला, पण दळायचं कशावर? म्हणून विमानातून जात्याच्या तळ्या टाकल्या. पुढे एप्रिलमध्ये पीठसुद्धा वरूनच टाकत, त्यातली काही पोती नदीत पडली. आपल्या शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला होता. धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशानं मागवली, तरी कितीतरी जण शेवटच्या दिवसांपर्यंत अडून राहिले.
२९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. साहेबाला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. त्याचा कुत्रा स्पॉट, त्याला इंग्रजांकडे सुखरूप परत पाठवलं. शिपाई मात्र वाळवंटातून पायी. त्यातल्या पुष्कळांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं.

तापीकाठ: कड बघितली. ११७ मराठा. नावाचं स्पेलिंग चुकलंय, पण तेच आहेत.
आजीला (त्यांची सून, नव्वदीची) हे सगळं वाचून दाखवलं. जात्याचं ऐकून म्हणाली, 'मंग मामंजी खोटं नही बोलेत.' मग बराच वेळ गप्प. नंतर तिनेच काढलं, की अमळनेर स्टेशनवरून ते कधी टांग्यात बसले नाहीत. बायकापोरांना बसवायचे, 'तुम्ही बसा, मी पायी येस', आणि घोड्याच्या बाजूनं चालायचे. पोळ्याला बैलांची पूजा झाली की एक पुरणपोळी फडक्यात बांधून स्टेशनवर जायचे, टांग्याच्या घोड्याला. टांगेवाल्याला वाटायचं, म्हातारा चळला.

खानदेशी_खवय्या: दादा, वरचं माझं वाक्य काढून टाकतो.

तापीकाठ: राहू द्या. पारावर पण हेच बोलायचे.