मदत हवी आहे: रोजच्या वाचनासाठी छोटं पण टिकाऊ बायबल

मंडळी, इंग्रजी बायबलची एक चांगली, आटोपशीर आवृत्ती घ्यायची आहे आणि दोन-तीन नावांत पुरता गोंधळलोय.

आधीचं बायबल चिकटवलेल्या बांधणीचं होतं. स्तोत्रसंहितेपाशी ते उघडत राहिलो आणि नेमकं तिथेच ते दुभंगलं! त्यामुळे आता शिवलेलीच बांधणी हवी, यावर तडजोड नाही.

केंब्रिज प्रकाशनाचं पिट मिनियन हातात धरायला सुरेख, बारीक, पिशवीत सहज मावणारं. पण अक्षर ६.७५ पॉइंटचं. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना ते रोज झेपेल का? त्यांचंच क्लॅरियन ८.७५ पॉइंटचं, एकाच स्तंभात, परिच्छेदवार. वाचायला कादंबरीसारखं सलग, संदर्भ बाजूच्या समासात. पण ते जाडजूड आहे. तिसरं स्कायलर (Schuyler) प्रकाशनाचं पर्सनल साइज क्वेंटेल: ८.५ पॉइंट, दोन स्तंभ, २८ जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला २८ ग्रॅम वजनाचा) कागद.

माझी खरी अडचण कागदाची आहे. पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरं दिसायला लागली की माझं लक्ष उडतं. दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींवर बरोबर जुळवून छापल्या तर हा त्रास कमी होतो म्हणतात. प्रत्यक्षात किती फरक पडतो? आणि पेन्सिलीने खुणा केल्या तर कागद सुरकुततो का?

बकरीचं कातडं, सोनेरी कडा वगैरे ठीक आहे, मिरवायला नकोय. वर्षभर तरी रोज वापरलेल्यांनीच सांगा.