मदत हवी आहे: लग्नपत्रिकेवर मॅपचा क्यूआर कोड द्यायचाय, पण मॅप कार्यालयाच्या मागच्या भिंतीला नेऊन सोडतो (सातारा)

भडंग:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात घरचं लग्न आहे. कार्यालय आणेवाडी टोलनाका आणि सातारा शहर यांच्या मध्ये, पुण्याहून साताऱ्याकडे येताना डाव्या हाताला. हायवेच्या सर्व्हिस रोडवरून साधारण ७०० मीटर आत. पत्रिका दहा दिवसांत छापायला द्यायची आहे. अडचणी अशा:

१. पिन कार्यालयाच्या पत्र्यावर बरोबर पडते, पण मार्ग संपतो मागे, कालव्याच्या भरावावर. तिकडे गेट नाही, नुसती भिंत.
२. सांगलीकडून येणाऱ्यांना मॅप कधी अंडरपासमधून वळवतो, कधी तीन-चार किलोमीटर पुढे नेऊन परत आणतो.
३. कार्यालयात एकाच कंपनीची रेंज, तीही दाराशी.

येणारी वाहनं: पुण्याहून ५० सीटची एक बस, सांगलीहून दोन टेम्पो ट्रॅव्हलर, चिपळूणहून तीन-चार गाड्या, शिवाय सुटे पाहुणे. क्यूआर कोडमध्ये नक्की काय भरू?

शिवार:
पहिल्या अडचणीचं कारण सरळ आहे. मार्ग काढणारा प्रोग्राम तुमच्या पिनपर्यंत येतच नाही. पिनला सगळ्यात जवळचा जो रस्ता त्याच्याकडे नोंदलेला असेल, त्यावर तो तुमचं ठिकाण ओढून नेतो आणि तिथे मार्ग संपवतो. पिन छपराच्या मधोमध आहे. तिथून मागचा भराव ४० मीटर आणि पुढचा गेटचा रस्ता ६० मीटर असला, तर भराव जिंकला. भिंत, कुंपण, गेट यातलं त्याला काही दिसत नाही. धोमच्या कालव्याचे भराव आणि पाणंदी उपग्रहाच्या चित्रात चांगल्या रुंद दिसतात, म्हणून नकाशात त्या रस्ता म्हणून चढलेल्या असतात.

म्हणून पिन गेटवर ठेवा, आणि गेटच्याही आत नको, गेटसमोरच्या रस्त्याच्या मधल्या रेषेवर. फोनवर सॅटेलाइट थर चालू करा, पूर्ण झूम करा, गेटच्या तोंडाशी बोट दाबून धरा. पिन पडली की खाली आकडे दिसतात, तेच तुमचं खरं ठिकाण. कार्यालयाच्या नावाची पिन सध्या विसरा.

मग नेहमीचा नकाशा लावून बघा की ७०० मीटरचा आतला रस्ता रेषेच्या रूपात आहे का. नसेल तर पिन कुठेही ठेवा, मॅप भरावावरूनच नेणार. रस्ता जोडायला संगणकावर मेनूत ‘नकाशा संपादित करा’, त्यात रस्ता जोडण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा पर्याय. रेषा सर्व्हिस रोडला नेमकी टेकवा. पाच मीटरचं अंतर राहिलं तरी जोड धरला जात नाही. आजच पाठवा, पण मंजुरी कधी येईल ते आपल्या हातात नाही, त्यामुळे पत्रिका त्या भरवशावर ठेवू नका.

वळणवाट:
शिवार यांच्याशी सहमत. दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो.

हायवेच्या दोन बाजू म्हणजे मॅपच्या हिशोबी दोन वेगळे एकदिशा रस्ते, आणि दोन्ही सर्व्हिस रोड धरले तर चार समांतर रेषा. सांगली, इस्लामपूर, पेठ नाका, कराड, उंब्रज असा येणारा माणूस उत्तरेकडे तोंड करून चालतो, म्हणजे तुमच्या समोरच्या बाजूने. त्याला ओलांडून यायचंय. अंडरपासची जोडणी नकाशात नीट असेल तर तिथून, नसेल तर पुढच्या वळणावरून. मॅप दर वेळी दोन्हीची वेळ मोजतो आणि फरक मिनिटभराचा असला की उत्तर फिरतं. डिसेंबरात गाळप चालू असतं. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत सर्व्हिस रोडला लागले की तिथला वेग पडतो आणि मॅप लगेच दुसरीकडे पळतो.

त्याला दाव्याने बांधायचं असेल तर मधला थांबा द्या. अंडरपासच्या तोंडाशी एक थांबा आणि मग गेट. दोन गोष्टी सांभाळा. थांबा पूर्ण झूम करूनच ठेवा. तो पलीकडच्या रेषेवर पडला तर त्या एका बिंदूसाठी मॅप पाहुण्याला चार किलोमीटरची प्रदक्षिणा घालतो. आणि थांबे कमी ठेवा. गुगल मॅपमध्ये नऊपर्यंत थांबे चालतात, पण लिंक फोनच्या ब्राउझरमध्ये उघडली तर तीनच धरले जातात. चालकाने थांबा चुकवला तर तो थांबा काढेपर्यंत बाई ‘मागे वळा’ म्हणत राहते. एक थांबा बास.

चिपळूणकरांना कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ, उंब्रज असं लिहून द्या. त्यांना कराडात शिरायचं कारण नाही. त्यांचा थांबा मल्हारपेठला ठेवा, पुढे उंब्रजला हायवेला लागले की सांगलीकरांचीच लिंक चालते.

माणदेश एक्स्प्रेस:
बसचं कोणी बोललंच नाही. नेहमीच्या मॅपमध्ये कार आहे, दुचाकी आहे (ती भारतात डिसेंबर २०१७ पासून), पण प्रवासी बसचा वेगळा पर्याय नाही. बसवाला कारचाच मार्ग लावणार आणि कारला चालणारं वळण ११-१२ मीटरच्या बसला चालेलच असं नाही. अरुंद रस्ता टाळण्याची सोय गुगलने जुलै २०२४ मध्ये जाहीर केली, पण सुरुवात हैदराबाद, इंदूर, कोइमतूर अशा आठ शहरांपासून केली. आपल्याकडचं एकही गाव त्यात नव्हतं. गावाच्या रस्त्यावर त्याचा भरवसा धरू नका.

पुण्याची बस येताना डाव्या हाताला उतरते, म्हणून अंडरपासचा प्रश्न येत नाही असं वाटतं. परतताना तिला पलीकडे जायचंच आहे. तेव्हा अंडरपासची उंची टेपने मोजा, आणि मधोमध न मोजता कडेला, जिथे कमीत कमी आहे तिथे. खाली डांबराचा नवा थर पडला असेल तर कमानीवर लिहिलेला आकडा खोटा ठरतो. आरामबस साडेतीन मीटरच्या आसपास धरा, टपावर सामान असेल तर आणखी. चार मीटर मोकळे नसतील तर बसला परतीसाठी साताऱ्याच्या दिशेने पुढे जाऊन मोठ्या पुलाखालून वळायला सांगा. तो थांबा परतीच्या लिंकमध्ये टाका. येण्याची लिंक उलटी करून देऊ नका, एकदिशा रस्त्यांमुळे ती उलटी होतच नाही. खंबाटकीचंच बघा: वर्षानुवर्षं साताऱ्याकडे येताना घाट आणि पुण्याकडे जाताना बोगदा असायचा. तिथल्या नव्या जुळ्या बोगद्यांमुळे जुना डाउनलोड करून ठेवलेला नकाशाही त्या टप्प्यात वापरू नये.

भडंग:
मंडळी, खूप उपयोगी. गेटवर पिन ठेवली, आतला रस्ता नकाशात आहे, पहिली अडचण सुटली. आता हे आकडे पत्रिकेत छापायचे का? आणि कार्यालयाचं नाव सर्च केलं तर अजून जुनीच पिन येते.

शिवार:
नावाची पिन हलवायला त्या ठिकाणाच्या पानावर ‘बदल सुचवा’, त्यात नकाशावरचं स्थान. कार्यालयाच्या मालकांनी व्यवसायाचं खातं ताब्यात घेतलं असेल तर त्यांच्याकडूनच करून घ्या, ते जास्त सोपं पडतं.

आकडे छापायला हरकत नाही, फक्त लोक त्यात तीन ठिकाणी फसतात.

क्रम: अक्षांश आधी, रेखांश नंतर. सातारा साधारण १७.६८, ७४.०० आहे. उलट लिहिलं तर ७४ अक्षांश होतो आणि पाहुणे नॉर्वेच्याही वरच्या समुद्रात.

अंश-मिनिटं: १७ अंश ४० मिनिटं म्हणजे १७.४० नव्हे, १७.६६७. मिनिटांना ६० ने भागायचं. या एका चुकीने माणूस साधारण ३० किलोमीटर दक्षिणेला, कराडच्या वाटेवर.

दशांश: एका अंशाचे १११ किलोमीटर धरले तर चौथा दशांश ११ मीटरचा आणि पाचवा मीटरभराचा. पाच पुरे. त्यापुढचे आकडे फोन दाखवतो म्हणून छापू नका, वाचणाऱ्याची चूक होते. सर्चमध्ये टाकताना इंग्रजी आकडे वापरायला सांगा.

डाक विभागाचा डिजिपिन हा पत्त्याचा कोड मे २०२५ मध्ये आला, दहा अक्षर-आकड्यांचा, चार मीटरच्या चौकोनाला एक. कल्पना चांगली आहे, पण लग्नाच्या घाईत काकांना तो कुठे टाकायचा ते शिकवत बसावं लागेल. पत्रिकेसाठी नको.

कृष्णाकाठ:
छपाईबद्दल. मॅप जेवढा त्रास देत नाही तेवढा क्यूआर देतो.

मोफत साइटवर कोड बनवताना ‘डायनॅमिक’ निवडू नका. त्यात तुमची लिंक नसते, त्या साइटची असते, आणि मुदत संपली की पाहुण्यांना जाहिरात दिसते. ‘स्टॅटिक’ निवडा. लिंक जितकी लांब तितके चौकोन बारीक, म्हणून पत्रिकेत मार्गाची लांबलचक लिंक न भरता फक्त गेटच्या पिनची छोटी लिंक भरा. चूकदुरुस्तीची पातळी एम, म्हणजे १५ टक्के भाग खराब झाला तरी वाचतो. एच पातळीला ३० टक्के, पण चौकोन वाढतात. मध्ये गणपती किंवा वधूवरांची आद्याक्षरं बसवायची हौस असेल तरच एच घ्या.

आकार कमीत कमी अडीच सेंटिमीटर, चारही बाजूंना चार चौकोनांएवढी कोरी पट्टी. प्रेसवाले वेलबुट्टी त्या पट्टीत घुसवतात, बजावून सांगा. मरून कागदावर सोनेरी कोड तर छापूच नका. फिका कोड गडद पार्श्वभूमीवर बऱ्याच फोनना वाचता येत नाही, आणि फॉइल चमकतं ते वेगळंच. पांढऱ्या चौकोनात काळा कोड. दिसायला रुक्ष, पण चालतो.

वळणवाट:
म्हणजे पत्रिकेत एकच पिन आणि मार्गाच्या लिंका व्हॉट्सअ‍ॅपवर: पुणे, सांगली, चिपळूण, आणि बसची परतीची. लिंक बनवताना सुरुवातीचं ठिकाण मोकळं सोडा, म्हणजे ज्याचा त्याचा फोन आपल्या जागेपासून मार्ग काढतो. तुमच्या घरापासूनचा मार्ग शेअर केला तर पुण्याचा पाहुणाही आधी तुमच्या घरी जायला निघेल.

प्रत्येक लिंकखाली शब्दांतही दोन ओळी लिहा, खुणांसकट: ‘आणेवाडी टोल ओलांडल्यावर डावीकडे सर्व्हिस रोड, अमुक पंपानंतर डावीकडे आत.’ तालुका लिहायला विसरू नका. खंडाळा म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला लोणावळ्याचं आठवतं. कुडाळ जावळीतही आहे आणि सिंधुदुर्गातही. कोरेगावांची तर मोजदाद नाही. बोलून सर्च करणाऱ्यांना मॅप कुठलंही उचलून देतो.

रानवाट:
गुगललाच का चिकटताय? ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर रस्ता स्वतः काढता येतो, त्याच नकाशावरचं ऑरगॅनिक मॅप्स हे अ‍ॅप पूर्ण ऑफलाइन चालतं.

वळणवाट:
तपासायला जरूर वापरावं, भरावाची नोंद तिथे ‘ट्रॅक’ (कच्ची वाट) अशी केली की ऑरगॅनिक मॅप्स गाडीला तिकडे सहसा नेत नाही. पण त्या अ‍ॅपचा नकाशा पुढची आवृत्ती उतरवल्यावरच बदलतो, आणि वाहतुकीची कोंडी त्यात कळत नाही. मुख्य म्हणजे दोनशे पाहुण्यांना नवं अ‍ॅप घ्यायला लावणं लग्नघरी जमायचं नाही.

शिवार:
तिसरी अडचण राहिली. गुगलमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी, ‘ऑफलाइन नकाशे’, ‘तुमचा स्वतःचा नकाशा निवडा’, चौकट वाई ते कराड एवढी ताणा, वायफायवर उतरवा. ऑफलाइन असताना गाडीचा मार्ग मिळतो, पण कोंडी, पर्यायी मार्ग आणि लेनची सूचना मिळत नाही. चालण्याचा मार्गही नाही, म्हणून वाहनतळ लांब असेल तर तिथे पाटीच लावा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी रेंज असताना नेव्हिगेशन सुरू करावं आणि पोचेपर्यंत अ‍ॅप बंद करू नये. मार्ग फोनमध्ये आलेला असतो, तो न सोडता चाललं तर रेंज गेली तरी चालतो. बॅटरी सेव्हर मात्र बंद ठेवा.

भडंग:
आज तपासलं. पुण्याची लिंक बरोबर. अंडरपासची कमीत कमी उंची ४.३ मीटर भरली. सांगलीची लिंक मात्र अंडरपास सोडून अजून पुढेच नेतेय. थांबा तर तोंडाशीच ठेवलाय.

वळणवाट:
पाहुणा आधी कुठल्या बाजूने येतो ते बघा. तुमच्या वर्णनावरून थांबा कार्यालयाच्या बाजूच्या तोंडाशी ठेवलेला दिसतोय, आणि तिथे तो बहुतेक सर्व्हिस रोडच्या एकदिशा रेषेवर बसलाय. तो काढा आणि पलीकडच्या बाजूला, सर्व्हिस रोडवर, अंडरपासच्या ५० मीटर अलीकडे म्हणजे कराडच्या अंगाला ठेवा. मुख्य हायवेच्या रेषेवर नको. मग संगणकावर सुरुवात शेंद्रे देऊन शेवटचे तीन किलोमीटर बघा, सकाळी नऊची वेळ टाकून एकदा आणि संध्याकाळी सहाची टाकून एकदा.

भडंग:
जमलं! दोन्ही वेळांना अंडरपासमधूनच येतोय. उद्या प्रेसमध्ये.

कृष्णाकाठ:
प्रेसकडून खऱ्या कागदावर, खऱ्या मापात एक प्रत काढून घ्या आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनने, संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली स्कॅन करा. पडद्यावरचा कोड स्कॅन करून होकार देऊ नका.