मदत हवी आहे: विभागाची संगणक यंत्रणा मुंबईतून चालणार, तालुक्याच्या माणसाचं काय?

नमस्कार मंडळी,

सांगलीत राज्य शासनाच्या एका कार्यालयात मी संगणक कक्ष सांभाळते. आमच्या विभागाचे जिल्ह्याजिल्ह्यांतले सर्व्हर, देखभालीची कंत्राटं आणि तक्रार निवारण एकत्र करून सगळं मुंबईतून चालवायचं घाटतंय. जिल्ह्यांचे अभिप्राय मागवलेत आणि आमच्याकडची टिपणी मला लिहायची आहे.

सर्व्हर हलवायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं (धोक्याची पातळी 45). तळमजल्यावरच्या संगणकांचं तेव्हा काय झालं हे सांगलीकरांना सांगायला नको. माहिती राज्याच्या डेटा सेंटरमध्ये असलेली कधीही बरी.

काळजी आहे ती जिल्ह्यातल्या जत, आटपाडी या तालुक्यांची. तिथं काम अडतं ते बहुतेक वेळा टेबलावरच. डिजिटल सहीचं डोंगल (पेनड्राइव्हसारखं उपकरण) लावलं की दिवा लागतो, पण पडद्यावर सह्यांची यादी रिकामी. ब्राउझर रात्रीत अपडेट झालेला असतो, किंवा सहीची मुदतच संपलेली. बदली होऊन आलेल्या साहेबांचं लॉगिन अजून जुन्याच कार्यालयाला जोडलेलं. आणि समोर दाखल्यासाठी लांबच्या गावाहून आलेली माणसं उभी. आज आमचा कंत्राटी मुलगा बसतो, डोंगलचं सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) पुन्हा टाकतो आणि रांग पुढं सरकते. कोणत्या टेबलाची काय खोड आहे हे त्यालाच ठाऊक, कुठंही लिहून ठेवलेलं नाही. देखभालीचं कंत्राट एकत्र झालं की पहिली गदा त्याच्यावर येणार, आणि मला ते मुळीच पटत नाही.

त्यात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा. पुरेशा कारणाशिवाय मुदतीत सेवा दिली नाही, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेल्या) 500 ते 5,000 रुपये शास्ती होऊ शकते. यंत्रणा मुंबईच्या हातात आणि जाब तालुक्यातल्या अधिकाऱ्याला, असं होऊ नये.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याबद्दलही वाचलं. त्यांनी 2003 मध्ये सगळ्या विभागांची यंत्रणा एका संस्थेखाली आणली आणि 2005 मध्ये नॉर्थरॉप ग्रमन कंपनीशी मोठा करार केला. ऑगस्ट 2010 मध्ये डेटा साठवणारी एक यंत्रणा बंद पडली, तर 26 विभागांचं काम अडलं. वाहन चालवण्याचे परवाने देणंसुद्धा काही दिवस थांबलं. म्हणून पर्यायी यंत्रणा आधी, स्थलांतर नंतर, असं टिपणीत स्पष्ट लिहिणार आहे.

आता ज्यांनी असे बदल आतून पाहिलेत त्यांना विचारते. तालुक्याला तंत्रसहायक कायम ठेवला असेल तर त्याचं मानधन कुणाकडून निघतं, विभागाकडून की मुख्य कंत्राटदाराकडून? त्याला रोजचं काम कोण सांगतं? तक्रारीचं तिकीट कधी नोंदवलं आणि कधी सुटलं याची नोंद लोकसेवा हक्क कायद्याखालच्या पहिल्या अपिलात कुणी पुरावा म्हणून लावली आहे का, आणि ती मान्य झाली का? जुन्या पुरवठादाराकडून डेटा, ॲडमिन पासवर्ड आणि सोर्सकोड ताब्यात घेतानाचा हस्तांतरणाचा नमुना कुणाकडे असेल तर फारच उपकार होतील. आमच्याकडे काही पासवर्ड पुरवठादाराच्या माणसाच्या खासगी ईमेलशी जोडलेले निघाले, त्यामुळे हा मुद्दा मला सर्वात निकडीचा वाटतो.

टिपणी पुढच्या आठवड्यात वर जायची आहे. करारातली कलमं कार्यालयाचं नाव काढून इथंच टाकलीत तरी चालेल.