कोटणीसांच्या घरातून निघालेला प्रश्न: ते युद्ध कागदावर संपलं कधी?

नववीचा_वर्ग
नमस्कार मंडळी. सोलापुरात शाळेवर इतिहास शिकवतो. गेल्या आठवड्यात मुलांना भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरी, म्हणजे आताच्या स्मारकात नेलं होतं. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात आपले कोटणीस. जपान्यांशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, वय ३२. बाहेर चपला घालताना एका मुलीनं विचारलं, "सर, मग ते युद्ध कधी संपलं?" मी पटकन २ सप्टेंबर १९४५ सांगून टाकलं. घरी येऊन पुस्तकं काढली तर १९५१, १९५२, १९७२, १९७८ अशा तारखाच तारखा. शिवाय जपानशी झालेल्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहावर भारतानं सहीच केलेली नाही. का केली नाही? आणि सही झाल्यावर वेगळी मंजुरी कशाला लागते? मला मुलांना चुकीचं शिकवायचं नाही.

कट्ट्यावरचा
शरणागती वेगळी, तह वेगळा. २ सप्टेंबर १९४५ ला मिसुरी युद्धनौकेवर सही झाली ती शरणागतीची. तह ८ सप्टेंबर १९५१ चा, आणि तो अमलात आला २८ एप्रिल १९५२ ला. परीक्षेला एवढं पुरतं.

जुना_साचेवाला
सर, परीक्षेला पुरेल, त्या पोरीला पुरणार नाही. जरा लांबून सांगतो, वाचा.

मी गिरणीत साचेखात्यात होतो, युनियनचा प्रतिनिधी. एकदा पगारवाढीची बोलणी अकरा दिवस चालली. शेवटच्या रात्री दीड वाजता सह्या झाल्या, चहा आला, आम्हाला वाटलं मिटलं. सकाळी पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी गेट मीटिंग. मी एकेक कलम वाचत गेलो. सातव्या कलमाला मागनं एक बदली कामगार, म्हणजे कायम माणूस गैरहजर असला की त्याच्या जागी घेतला जाणारा, उठला, "यात आमी कुठं आहोत?" म्हणाला. खरंच, बदलीवाल्यांचा शब्दही नव्हता. त्यांच्यातला एकही माणूस बोलणीला नव्हता, आणि अकरा दिवसांत आमच्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. हात वर करा म्हटलं तर निम्मे हात खालीच राहिले. करार घेऊन परत जावं लागलं. त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांपुढं आहे माझ्या.

सही आणि मंजुरी यातला फरक मला त्या दिवशी कळला. सही म्हणजे आमच्या माणसाला मसुदा पटला. तो पाळू असं घरच्यांनी सांगितलं की मंजुरी.

सॅन फ्रान्सिस्कोला बोलणी अशी झालीच नाहीत. अमेरिकेचे जॉन फॉस्टर डलेस आधीच एकेका सरकारशी बोलून मसुदा पक्का करून बसले होते. परिषदेला ५२ देश जमले ते सहीसाठी. रशिया, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया येऊनही सही न करता गेले. जपान धरून ४९ सह्या पडल्या. मग ज्याचा तो आपल्या घरी गेला. अमेरिकेत सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. २० मार्च १९५२ ला ६६ विरुद्ध १० मिळाली. हे आपोआप होत नाही हं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाला १९२० मध्ये ४९ विरुद्ध ३५ मतं पडली, जास्त असूनही सात कमी पडली आणि अमेरिका त्या तहाबाहेरच राहिली.

फिलिपिन्सनं सही केली, पण मंजुरी अडवून धरली. भरपाईचे ५५ कोटी डॉलर ठरले तेव्हा, १९५६ साली दिली. इंडोनेशियानं सही करूनही मंजूर केला नाही, १९५८ ला जपानशी वेगळा तह केला. आधी थकबाकी, मग मंजुरी. मला ते बरोबर वाटतं.

आता आपलं. भारताला बोलावणं होतं, गेला नाही. हरलेल्या जपानला मानाचं आणि बरोबरीचं स्थान मिळावं, परकी फौज तिथं ठेवायची तरतूद तहातच नको, रियुक्यू आणि बोनिन बेटं जपानकडेच राहावीत, फोर्मोसा म्हणजे तैवान चीनला मिळावं, हे भारताचं म्हणणं. मग ९ जून १९५२ ला टोकियोत भारतानं स्वतंत्र तह केला आणि भरपाईचा सगळा हक्क सोडला.

आणि चीन? १९३७ पासून ज्याच्या भूमीवर हे युद्ध पेटलं होतं, त्याला बोलावलंच नाही. चीनची म्हणवणारी सरकारं तेव्हा दोन, पेकिंगचं कम्युनिस्टांचं आणि तैवानात तैपेईचं. ब्रिटननं पेकिंगच्या सरकारला मान्यता दिलेली, अमेरिकेनं तैपेईच्या. एकमत होईना, म्हणून दोघंही बाहेर. कोटणीस ज्यांच्यासाठी गेले, ती माणसं त्या खोलीत नव्हती. मला इथं तो बदलीवाला आठवतो, सर.

नववीचा_वर्ग
दोनदा वाचलं. मग चीनपुरतं संपलं कधी म्हणायचं?

फक्त_कायदा
तैपेईशी जपानचा तह २८ एप्रिल १९५२ चा. पेकिंगशी २९ सप्टेंबर १९७२ चं संयुक्त निवेदन. त्यात शब्दांवरून ओढाताण झाली, कारण युद्ध १९५२ लाच संपलं असा जपानचा आग्रह होता. म्हणून कलमात "असामान्य स्थिती" संपली असं घातलं आणि "युद्धस्थिती" हा शब्द प्रस्तावनेत ठेवला. भरपाईचा हक्क चीननंही सोडला. शांतता आणि मैत्रीचा तह १२ ऑगस्ट १९७८ चा. रशिया आणि जपान यांच्यात मात्र कुरिल बेटं कुणाची या वादामुळं आजही शांतता तह नाही, १९५६ चं संयुक्त घोषणापत्र तेवढं आहे.
आणि आपल्याकडे असे तह सरकार मंजूर करतं. संसदेत मतदान झालंच पाहिजे असं घटनेत नाही.

नववीचा_वर्ग
या तारखा उद्या फळ्यावर लिहितो, त्या मुलीलाच पुढं बोलावून. साचेवाले काका, शनिवारी सकाळची शाळा असते. गेट मीटिंगचं तुम्ही येऊन सांगाल का? माझ्या तोंडून ते तसं येणार नाही.

जुना_साचेवाला
येतो की. त्या कराराचा दुसरा मसुदा घरी पत्र्याच्या पेटीत आहे, सातव्या कलमाखाली बदलीवाल्यांच्या दोन ओळी पेनानं घातलेल्या आहेत. तो घेऊन येतो. पोरांना हातात धरून बघू द्या.